ऐंशी टक्के शिल्लक

सायकलींच्या हँडलवर नुकतेच बोलके मोबाइल बसू लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. डोंगरातले पाडे फिरणाऱ्या शेवंता नर्सबाईंच्या जुन्या सायकलवरही असाच एक मोबाइल आला. प्रत्येक वळणाआधी तो 'डावीकडे वळा', 'उजवीकडे वळा' असं सांगायचा. सायकलला त्याचं भारी कौतुक. तो गप्प असला की सरळ जायचं, एवढं तिने मनाशी धरलं होतं.

एका सकाळी कॅरिअरवर बर्फात ठेवलेल्या लसींचा डबा बांधून बाई एका नव्या पाड्याला निघाल्या. चढ लागला आणि मोबाइलला बॅटरीची काळजी वाटू लागली. असंच बोलत राहिलो तर आपण संपून जाऊ, या भीतीने त्याने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात फाटा आला. मोबाइल गप्प होता, म्हणून सायकल सरळ गेली.

दोन डोंगर ओलांडल्यावर रस्ताच संपला. बाईंनी बटण दाबलं, तेव्हा मोबाइल जागा झाला.

"अरे, फाटा मागे राहिला. बोलला का नाहीस?" सायकलने विचारलं.

"बॅटरी वाचवत होतो."

पाड्यावर पोचेपर्यंत ऊन कललं होतं. डब्यातल्या बर्फाचं कोमट पाणी झालं होतं.

"आज लस देता येणार नाही, बायांनो," नर्सबाई खाली मान घालून म्हणाल्या.

सकाळपासून थांबलेल्या आयांनी लेकरं कडेवर घेतली आणि त्या परत निघाल्या. सायकल त्यांच्या पाठमोऱ्या रांगेकडे बघत राहिली.

"बघ," मोबाइल तिला म्हणाला, "अजून ऐंशी टक्के शिल्लक आहे."