मेहुण्याच्या दुकानातला पंप

साखर कारखान्याचे चेअरमन धैर्यशीलराव हट्टालाच पेटले होते. बॉयलरच्या राखेचा चिखल ओढायला त्यांना मेहुण्याच्या दुकानातला पाण्याचाच पंप बसवायचा होता. "पंप तो पंप! त्यात काय बघायचं?"

चीफ इंजिनिअर यामिनीबाईंना मात्र चिखल ओढणारा खास पंपच हवा होता. राखेने पंपाची पाती खाल्ली, की ऐन हंगामात कारखाना बंद! पण वाद न घालता त्यांनी कँटीनला हळूच काही सांगून चहा मागवला.

पहिल्याच घोटाला चेअरमन ठसकले. "अहो, चहा गाळलाच नाही!"

"चहा तो चहा, साहेब! तुम्हाला एक घोट गिळवेना, मग त्या पंपाने हंगामभर राख कशी गिळायची?"

धैर्यशीलराव खो खो हसले. "घ्या बाई, तुमचा चिखलाचाच पंप घ्या! आणि मेहुणे आले, की त्यांना हाच चहा पाजा!"