हॉपची कुठली पुडी

"पण काका, यातलं नेमकं कुठलं टाकू?"

शार्दूलनं हे सकाळपासून कितव्यांदा विचारलं, देव जाणे.

भिंतीपलीकडे इनासकाकांच्या अंगणात मोठं पातेलं रटरटत होतं. काकांचा जन्म बिअरच्या कारखान्यात गेला. आता वसईला घरी असतात. शार्दूल बँकेतला, त्यांच्याकडे बिअर करायला शिकतो. आज स्कॉच एल होती. काळसर, माल्टच्या म्हणजे मोड आणून भाजलेल्या जवाच्या गोडीची बिअर असते म्हणे, त्या गोडीवर दुसरा वास चढू द्यायचा नाही. मी आपली भिंतीवर सुकट वाळत घालत होते. सुकट कालच वाळली होती, ते सोडा.

मागच्या दोन्ही खेपा काकांनी गटारात ओतायला लावल्या होत्या. "ही बिघडली तर पातेलं घासून ठेव आणि उद्यापासून येऊ नकोस," असं बजावलंही होतं. पोरगं रडकुंडीला आलेलं.

समोर हॉपच्या पुड्या. हॉप म्हणजे कसलीशी वाळकी फुलं. बिअरला कडूपणा देतात, वासही देतात.

"हे घेऊ? मोसंब्याचा वास आहे."

"मागच्या खेपेला मोसंब्याची कडू सालच प्यायलो आपण."

"मग हे? मिरीसारखं आहे."

काकांनी पातेलं ढवळलं.

"मी यावर तीन पुस्तकं वाचलीत, काका!"

"पातेल्यानं एकही वाचलेलं नाही."

शार्दूल चिडला. एक पुडी फोडून त्यानं थेट काकांच्या नाकाशी धरली.

"सांगा, कसं आहे?"

काकांनी डोळे मिटून श्वास घेतला. "छान."

दुसरी.

"छान."

तिसरी, चौथी. छान, छान.

मलाच राहवेना. "अहो इनासभाऊ, काय ते एकदाचं सांगून टाका ना त्याला!"

शार्दूलनं वळून माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरची मूठभर सुकट उचलली आणि काकांच्या नाकाखाली नेली.

"आणि हे?"

काकांचे डोळे मिटलेलेच.

"छान."

माझ्या हातातलं सूप खाली पडलं.

"काका..." शार्दूलनं मूठ खाली घेतली. "तुम्हाला वास येत नाही?"

"मागच्या तापात गेला."

"पार?"

"पार."

"आणि माझ्या दोन खेपा ओतायला लावल्या?"

"जीभ आहे अजून."

शार्दूलनं सुकट फेकून दिली. अंगणात एक फेरी मारली, परत आला. पातेल्याला कढ आला होता, फेस काठाशी चढत होता.

"मला सहा महिने हॉप शिकवताय. स्वतःला वास येत नाही. मग मी आता कुणाला विचारू? काकूंना?"

"मला नको रे बाबा," मी म्हटलं.

काकांनी पळीनं फेस खाली बसवला.

"काका, आता तरी सांगा. कुठलं टाकू?"

काकांनी पळी त्याच्या हातात दिली.

"ज्याचा वास तुला माझ्याइतकाच येईल, ते."