पवळी आणि धन्याची हाक

गायीम्हशी माणसांसारखं सुखदुःख बोलत, त्या काळची गोष्ट. डोंगराखालच्या गोठ्यात पवळी नावाची गाय होती. गळ्यातली घंटा तिला जाचायची. एका सकाळी तिनं बाभळीच्या खोडावर मान घासून घंटेची दोरी तोडली आणि ती रानात निघून गेली.

धनी रोज दिवस कलताना रानात यायचा. "पवळे, ये गं बाई," अशी हाक मारायचा. पवळी करवंदीच्या जाळीत श्वास रोखून उभी राहायची. घंटाच नव्हती, त्याला कळणार कसं? दिवसेंदिवस हाक बारीक होत गेली. 'विसरत चालला मला,' असं म्हणून ती निर्धास्त झाली.

उन्हाळ्यात रान वाळलं. पवळीच्या बरगड्या वर आल्या, मान गोचिडांनी भरली. एका संध्याकाळी ती परतली, पण गोठ्याच्या दाराशी थबकली. आत जायला तिला तोंड नव्हतं.

"ये की," म्हातारी म्हैस आतून म्हणाली. "तू गेल्यापासून त्यानं दाराला अडसर घातलेला नाही. स्वतःच उंबऱ्यात आडवा होतो."

"फार रागावलाय का गं?"

"कोण जाणे. बोलत काही नाही. पण अजून रोज रानात जातो."

इतक्यात धनी रानातून आला. पवळीनं मान खाली घातली आणि ती दाव्याची वाट पाहू लागली. धनी तिच्यापाशी बसला आणि तिच्या मानेवरचा एकेक गोचीड वेचू लागला. वेचता वेचता त्यानं तिचं नाव घेतलं. ओठ हलले, आवाज फुटला नाही.

रानातली हाक बारीक का होत गेली, हे पवळीला आता कळलं. तिची मान आणखी खाली गेली.