कातळोलीचे मुके मास्तर

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. कातळोलीला यायची वाट तेव्हा बैलांच्या खुरांनीच ठरायची. गावात शाळा होती, पण शाळेला घर नव्हतं. ग्रामदेवतेच्या देवळाला लागून एक जांभ्या दगडाची धर्मशाळा होती, तिच्यात पोरं बसायची. शेणानं सारवलेली जमीन, बसायला ज्यानं त्यानं घरून आणलेलं गोणपाट, आणि पहिलीपासून तिसरीपर्यंतची साठ पोरं एकाच खोलीत.

ती पोरं म्हणजे वारं प्यायलेली वासरं, असं म्हणतात. तीन वर्षांत पाच मास्तर आले आणि पाचही गेले. एकाचं पागोटं पोरांनी बकरीच्या शिंगांना बांधलं. एक जण भर दुपारी, छत्री विसरून, डोंगर उतरून निघून गेला. छडीवाले आले तेव्हा छडी चुलीत गेली. ओरडणारे आले तेव्हा पोरं त्यांच्याहून मोठ्यानं ओरडली.

मग दाजिबा मास्तर आले. शेलाटा माणूस, पस्तिशीचा, एकटा. पहिल्याच दिवशी पोरांनी त्यांच्या पाटावर फणसाचा चीक ओतून ठेवला. मास्तर बसले आणि चिकटले. साठ पोरं श्वास रोखून बघत राहिली. मास्तरांनी एकदा उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तसे शांतपणे पुन्हा बसले आणि म्हणाले, "आज मला उठता यायचं नाही. तेव्हा तुम्हीच एकेक जण माझ्याजवळ या आणि नाव सांगा." दिवसभर ते तसेच बसून होते. संध्याकाळी चीक ओतणाऱ्या पोरांनीच खोबरेल तेल आणून त्यांना सोडवलं.

त्या दिवसापासून शाळेला वळण लागलं. मास्तर कधी आवाज चढवत नसत. पोरं गलका करू लागली की ते आवाज उतरवत, इतका की ऐकण्यासाठी पोरांना गप्प व्हावंच लागे. ज्याचे पाय एका जागी ठरत नसत त्याला ते विहिरीवरून पाणी आणायला पाठवत. मारामारी करणाऱ्या दोघांना एकच पाटी देत. आणि सगळ्यांना गप्प करायचं झालं की उजव्या हाताचं एक बोट वर करत. बस, तेवढंच.

त्या बोटाच्या कितीतरी कथा आहेत. बोट वर गेलं की आढ्यातल्या चिमण्या चिवचिवायच्या थांबत, असं म्हणतात. बाहेर चाललेल्या बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा मुक्या होत. देवळामागचा पऱ्या, म्हणजे ओढा, जो पावसाळ्यात माणसाला माणसाचं ऐकू देत नाही, तोसुद्धा तेवढा वेळ दगडांवरून पाय न वाजवता जाई.

गावाला कौतुक वाटू लागलं. कुणाकडे पाहुणा आला की त्याला जेवायच्या आधी शाळेत नेत. "मास्तर, जरा दाखवा," असं म्हणत. मास्तर बोट वर करत आणि साठ पोरं दगडाची होत. पाहुणे तोंडात बोट घालत. पहिल्या पहिल्यांदा मास्तर लगेच बोट खाली घेत. मग हळूहळू ते थोडा जास्त वेळ वर राहू लागलं. एकदा तर पाहुणा नव्हता, गलका नव्हता, पोरं आपापले पाढे लिहीत होती, आणि मास्तरांनी उगीच बोट वर केलं. त्यांना नुसतं बघायचं होतं. म्हातारपणी त्यांना ती सकाळ पुन्हा पुन्हा आठवायची.

त्या साठांत एकच पोर अशी होती की जिच्यावर बोटाचा असर अर्धाच व्हायचा. धाकू पाष्ट्यांची यसू. सात वर्षांची. घरात तिच्या बोलण्यापुढे कुणाचं काम पुढे सरकेना म्हणून धाकूनं तिला शाळेत घातलेली. तिच्या मनात आलेला प्रश्न जिभेवर यायला पापणीचाही वेळ लागत नसे. "मास्तर, खेकडा आडवा चालतो, मग त्याला त्याचं बीळ समोर दिसतं की बाजूला?" बोट वर असतानाही तिचा प्रश्न निसटायचा. मग ती दोन्ही हातांनी तोंड दाबून धरायची, आणि सगळी शाळा हसायची. मास्तरही हसायचे. तिचे प्रश्न ते घरी जाताना मनात घोळवायचे.

अशात निरोप आला की दिपोटी साहेब शाळा तपासायला येणार. साहेबांच्या मनाला शाळा आली, तर कातळोलीला चौथीचा वर्ग मिळणार होता. नाहीतर तिसरी झालेल्या पोरांना गुरांमागे जायचं, ते ठरलेलंच. सगळा गाव मास्तरांकडे बघत होता.

आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मास्तरांनी यसूला जवळ बोलावलं.

"यसू, उद्या साहेब येणार. मी तुझं नाव घेईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. काहीही झालं तरी."

"पाऊस आला तरी?"

"तरी."

"बकरी आत आली तरी?"

"तरीही नाही. एवढं केलंस तर तू माझी शहाणी मुलगी."

यसूनं मान डोलावली. शहाणी असं तिला तोवर कुणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेब घोड्यावरून आले. पोरं ओळीत बसली होती. गोणपाटांच्या कडासुद्धा सरळ रेषेत होत्या. साहेबांनी कविता म्हणून घेतल्या, मग बेरजा घातल्या. यसू तिसऱ्या ओळीत भिंतीला टेकून होती. त्या भिंतीच्या चिऱ्यांमध्ये बोटभर फटी होत्या. साहेब दुसरी बेरीज सांगत असताना यसू एकदम दचकून उडाल्यासारखी झाली. तिचं तोंड उघडलं.

मास्तरांनी ते पाहिलं. त्यांनी बोट वर केलं.

यसूनं तोंडावर हात दाबला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मास्तरांना वाटलं, एखादा प्रश्न आला असेल आणि विचारता येत नाही म्हणून रडतेय. त्यांनी नजर साहेबांकडे वळवली. साहेब अजून बराच वेळ होते. जाताना म्हणाले, "मास्तर, असा वर्ग मी उभ्या जिल्ह्यात पाहिला नाही." मास्तर त्यांना पाणंदीच्या तोंडापर्यंत पोचवून आले.

परत आले तेव्हा पोरं अंगणात उड्या मारत होती. आत एकटी यसू बसली होती, तशीच, तोंडावर हात घेऊन.

"यसू, ऊठ गं. गेले साहेब."

ती उठली नाही. मास्तर जवळ गेले. त्यांनी तिचा हात बाजूला केला, तर तळव्यात तिचेच दात रुतलेले होते आणि रक्त आलं होतं. तिनं त्यांच्याकडे बघितलं.

"आता बोलू?" ती म्हणाली.

आणि बोलायच्या आतच तिची मान कलंडली. तिचा डावा पाय गुडघ्यापर्यंत सुजून काळानिळा पडला होता. गोणपाट उचललं तर खालून एक वीतभर लांबीचं फुरसं सरकत भिंतीच्या फटीत गेलं.

मास्तरांनी तिला खांद्यावर टाकलं आणि ते कातळ तुडवत पारू वैदिणीच्या घराकडे धावत सुटले. ते इतक्या जोरानं धावले की कातळात त्यांची पावलं उमटली, असं म्हणतात. आजही लोक ते खळगे दाखवतात. पावसाच्या पाण्यानं झिजलेले असतीलही. पण एका पावलाच्या अंतरानं ते खळगे थेट वैदिणीच्या जुन्या जोत्यापर्यंत जातात, हे खरं.

"चावलं कधी?" पारूनं विचारलं.

"साहेब बेरजा घालत होते तेव्हा," मागून धावत आलेल्या एका पोरीनं सांगितलं.

"म्हणजे तीन घटका झाल्या. आणि पोर ओरडली कशी नाही?"

मास्तर दाराबाहेर जाऊन बसले, आणि सात दिवस तिथून हलले नाहीत.

यसू वाचली. पायाची दोन बोटं गेली, थोडी लंगडू लागली. दिवाळीनंतर ती शाळेत आली, आपल्या जागी बसली, सांगितलं ते सगळं तिनं नीट लिहिलं. पण ती बोलेना. घरी लागेल तेवढं बोलायची. शाळेच्या उंबऱ्यापासून आत, किंवा मास्तर दिसले की कुठेही, ओठ मिटलेले. गाव म्हणालं, विष जिभेत उतरलं. पारू वैदीण म्हणाली, "विष मी पायातून काढलंय. घशात बसलंय ते माझ्या औषधाचं नाही."

मास्तरांनी सगळ्या वर्गासमोर तिची माफी मागितली. तिनं आज्ञाधारकपणे मान डोलावली. त्यांनी खेकड्याचं विचारलं, चिमण्यांचं विचारलं. तिनं पाटीवर उत्तर लिहून दाखवलं. शेवटी ते धाकूकडे गेले आणि म्हणाले, "धाकू, पोरीचा अपराधी आहे मी."

धाकू भाबडा माणूस. तो म्हणाला, "असं काय बोलता मास्तर? आधी कान किटायचे तिच्या बडबडीनं. आता कशी शिस्तीची झाली. तुमचे उपकारच आहेत."

मास्तर तिथून उठले ते वाटेत तीनदा बसले, असं म्हणतात.

त्याच आठवड्यात चौथीचा वर्ग मंजूर झाल्याचं पत्र आलं. त्यात मास्तरांच्या शिस्तीची तारीफ होती. गावानं गूळ वाटला. मास्तरांनी पत्र वाचलं, त्याची घडी घातली आणि पोरांना सांगितलं, "यसू या शाळेत तोंड उघडेल, त्या दिवशी मी उघडीन. तोवर नाही." कातळोलीच्या शाळेतलं ते त्यांचं शेवटचं बोलणं ठरलं, असं सगळे धरून चालले.

ते बोट पुन्हा वर गेलं नाही. पहिले काही दिवस पोरांनी धर्मशाळा डोक्यावर घेतली. मास्तर फळ्यावर लिहायचे आणि येऊन पोरांमध्येच गोणपाटावर बसायचे. भांडण पेटलं की दोघांच्या मधोमध जाऊन बसायचे. मोठी पोरं धाकट्यांना शिकवू लागली, कारण शिकवायला दुसरं कुणी नव्हतं. खोली आठवडी बाजारासारखी गजबजायची, पण त्या गजबजाटात पाढे असायचे. पाहुण्यांना आता कुणी शाळा दाखवायला आणत नसे.

बोलणं गेलं तसे मास्तरांचे कान वाढले, असं म्हणतात. कोण उपाशी आलंय ते त्यांना पाटीवरच्या पेन्सिलीच्या आवाजावरून कळायचं. एकदा ते शिकवता शिकवता उठले, धावत बाहेर गेले आणि फणसाखाली धोतराचा सोगा पसरून उभे राहिले. वरून एक पोर पडलं ते नेमकं त्यात. त्या पोराची किंकाळी त्यांनी ती निघायच्या आधी ऐकली होती, असं ते पोर पुढे म्हातारं होईपर्यंत सांगायचं.

एवढं ऐकणाऱ्या माणसाला एकच आवाज ऐकायला मिळेना. एकदा ते पाष्ट्यांच्या कुंपणावरून जात असता आत यसू कोंबड्यांशी काहीतरी बोलत होती. मास्तर जागच्या जागी थांबले. वाळलेलं पान पायाखाली वाजलं, यसूनं वळून पाहिलं, आणि बोलणं तिथेच तुटलं. त्यानंतर मास्तर त्या वाटेनं गेले नाहीत.

यसू चौथी पास झाली. पुढे तिचं लग्न होऊन ती खाडीपलीकडे गेली. तरी मास्तर शाळेत मुकेच राहिले. कुणी म्हणालं, आता कशासाठी? मास्तर नुसते हसत.

वीसएक वर्षं गेली. मास्तरांचे केस पांढरे झाले. एका जूनमध्ये यसू माहेरी राहायला आली, कारण नवरा समुद्रावर गेला तो परत आला नव्हता. सहा वर्षांच्या लेकीला घेऊन ती शाळेच्या उंबऱ्यात उभी राहिली. लेकीचं नाव द्वारकी. तिचं तोंड वाटेपासून सुरूच होतं.

"आई, इथे इतक्या चिमण्या का गं? आणि हे आजोबा नुसते बघतायत, बोलत का नाहीत?"

मास्तर उठले. त्यांचा चेहरा असा उजळला की बघणाऱ्यांना तो ओळखू येईना. ते खाली वाकले, पुढचा प्रश्न ऐकायला.

यसूनं लेकीच्या तोंडावर हात ठेवला.

"गप," ती म्हणाली. "मास्तर आहेत."

हळूच म्हणाली, रागानं नाही. वीस वर्षांनी शाळेत तिचा आवाज निघाला होता. पोरं लिहायची थांबली. मास्तरांनी डोळे मिटले, मग उघडले. त्यांचा नवस फिटला होता.

"बोलू दे गं तिला," ते म्हणाले.

आवाज इतका गंजलेला होता की तो कुणाचा ते पोरांना आधी कळलंच नाही. यसूनं हात खाली घेतला आणि ती उंबऱ्यावरच बसून रडू लागली. पण द्वारकी बावरली होती. ती आईकडे बघे, मास्तरांकडे बघे, आणि ओठ घट्ट मिटून घेई. मास्तर तिच्यासमोर जमिनीवर बसले. शाळा सुटली, ऊन उतरलं, तरी ते बसून होते. त्या दिवशी ती बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पळत पळत आली आणि दारातूनच काहीतरी विचारू लागली, असं म्हणतात. पण मास्तरांचा पाट रिकामा होता. ते रात्रीच तापानं पडले होते. आठवडाभरात गेले. तिनं काय विचारलं होतं, ते तिलाही पुढे आठवलं नाही.

आता कातळोलीत सिमेंटची शाळा आहे. जूनमध्ये ती उघडते त्या दिवशी गुरुजी, बाई आणि आईबाप खाली बसतात आणि तोंड मिटून राहतात. सगळ्यांत लहान पोर आधी बोलतं, त्याला हवं ते, हवं तितका वेळ. कधी ते रडतं, तर ते रडणं ऐकायचं. मग त्याच्याहून मोठं, मग त्याच्याहून मोठं. दुपार टळते, जेवणं खोळंबतात, तरी कुणी उठत नाही. याला तिथे 'मास्तरांची पाळी' म्हणतात.

नव्यानं बदलून आलेल्या शिक्षकाला गावचे लोक आणखी एक गोष्ट सांगतात. वर्गात कुणी फार गडबड करत असेल, तर तुमच्या पद्धतीनं घ्या, आमचं काही म्हणणं नाही. पण एखादं पोर फारच शहाण्यासारखं, हाताची घडी घालून गप्प बसलेलं दिसलं, तर फळा सोडा, त्याच्याजवळ जा, खाली बसा आणि हळूच विचारा, "काही चावलं का रे?"