मिस कॉलचा डबा

मिस कॉल दिला की शेतातला पंप सुरू करणारा डबा कासेगावच्या शेवंता गुरव बनवायच्या. पेटंट चोरल्याची एका मोठ्या कंपनीची नोटीस आली, तेव्हापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. आज तर कंपनीचे वकीलच दुकान बंद पाडायला दारात उभे ठाकले.

बाईंनी आपण बनवलेला एक जुना डबा पुढे ठेवला. "नीट बघा साहेब, काही फरक?"

"तारेचाही नाही! तंतोतंत आमचाच!"

"तसं लिहून द्या."

वकिलांनी झोकात सही ठोकली. बाईंनी डबा उलटा केला. मागे गावच्या पाणी संस्थेने तो पंपावर बसवल्याची तारीख कोरली होती, कंपनीच्या पेटंटच्या पाच वर्षं आधीची.

"साहेब, लेक आईवर जाते. आई लेकीवर गेलेली कुठं बघितलीय?"