हललेला चेंडू

एकदा एक वृद्ध गुरुजी आपल्या शिष्यासोबत हौशी खेळाडूंचा गोल्फचा सामना पाहायला गेले. शिष्याचा धाकटा भाऊ जयदीप खेळत होता. जिंकला तर राज्याच्या संघात जागा पक्की. त्यामुळे शिष्याचा जीव सकाळपासून टांगणीला लागलेला. या खेळात प्रेक्षक खेळाडूच्या मागोमाग उन्हातान्हात चालतात आणि फटक्याच्या वेळी श्वासही जपून घेतात. प्रत्येकाच्या मागे पंच नसतो. चूक झाली तर ती खेळाडूने आपल्या तोंडाने सांगायची, अशी रीत. आता बोला!

शेवटी शेवटी जयदीप अवघ्या एका फटक्याने पुढे होता. त्याचा चेंडू झाडीलगतच्या गवतात गेला. सोबतचा खेळाडू पार पलीकडे होता. चेंडूजवळची वाळकी काडी जयदीपने उचलली आणि चेंडू हलला. बोटभरच, पण हलला! नियमाने एका फटक्याचा दंड. जयदीपचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने वर पाहिले. गुरुजी त्याच्याकडेच पाहत होते. पण त्यांनी चक्क पाठ फिरवली.

मग त्याने दादाकडे पाहिले. दादाच्या नजरेतून काहीच सुटले नव्हते. त्याने हलकेच मान डोलावली, जणू म्हणाला, "खेळ."

जयदीप खेळला आणि जिंकला. टाळ्यांचा कडकडाट झाला, पण शिष्याचे मन त्याला खाऊ लागले. तो गुरुजींवरच उखडला, "तुम्ही नुसते पाहत राहिला असतात, तरी त्याने कबूल केले असते! पाठ कशाला फिरवलीत?"

गुरुजी थकल्या आवाजात म्हणाले, "माझ्या धाकाने तो खरे बोलला असता, तर उद्या मी नसताना काय? स्वतःचा निवाडा करायला माणसाला एकांत लागतो. मी तो देऊ केला. तू दिला नाहीस, बाबा रे. प्रश्न त्याचा होता, उत्तर तू देऊन टाकलेस."

"माझा भाऊ आहे तो, गुरुजी!"

"म्हणून तर त्याने तुझे ऐकले."

इतक्यात करंडक घेऊन जयदीप आला. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हते.

"दादा, मी सांगणारच होतो रे."

"मग आता सांग! चल, मी येतो बरोबर."

"आता कसा सांगू?" जयदीप खाली पाहत म्हणाला. "तुझंही नाव घ्यावं लागेल."

शिष्याला गुरुजींचे बोलणे तेव्हा कुठे पुरते उमगले. भावाच्या खांद्यावर हात ठेवायचेही त्याला धैर्य झाले नाही.