धुक्यातलं दुकान

धुकं अजून झाडांशी बोलत असे, त्या काळातली ही गोष्ट. एका मुंगीला धुक्यातून गोड हाक आली, "मुंगीताई, शेवरीच्या कापसाची गादी हवी का? घरपोच देईन. फक्त तुमचा वास या पानाला लावून ठेवा, म्हणजे दारावर मला कोणी अडवणार नाही."

दुकानदार दिसत नव्हता. पण मऊ गादीवर झोपलेली पिल्लं तिच्या डोळ्यांपुढे आली. तिनं पानावर अंग घासलं.

संध्याकाळी ती वारुळात परतली, तर गादी नव्हतीच, आणि पिल्लांसाठी साठवलेले सगळे दाणेही गेले होते.

"डोंगळेकाका, दारात बसून झोपा काढत होता का?" ती रडत म्हणाली.

"जागाच होतो, पोरी," आंधळा राखणदार हळूच म्हणाला. "वास तुझाच आला. मीच म्हटलं, ये, दमली असशील."